चौघांपुरतं घर

शप्पथ सांगते, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या बेंचवरच्या माधवीच्या घरी घडलं. शेवटचं तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मागच्या जानेवारीतला रविवार. वेळ दुपारी बाराची. जागा गौलीगुड्यातलं माधवीचं जुनं घर.

भुतं रात्रीच येतात असं मलाही वाटायचं. पण त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

घर दोन मजली, सात खोल्यांचं. राहणारी माणसं चारच. माधवी, तिचे आईबाबा, आणि बाबांची मोठी बहीण कुसुमआत्या, रिटायर्ड शिक्षिका. आत्याचे गुडघे जिना चढू देईनात, सात खोल्या झाडून आई थकून जायची. म्हणून घर बिल्डरला दिलं आणि मलकपेठेत चौथ्या मजल्यावर छोटासा फ्लॅट घेतला. दोन खोल्या, किचन आणि एवढीशी बाल्कनी.

सामान कमी करायचं काम आत्यानं हातात घेतलं. तिची पुस्तकं कोठी बाजारातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडे गेली. पितळी हंडे नातेवाइकांत वाटले.

"चार माणसं, चार ताटं, चार कप, चार खुर्च्या," ती म्हणाली. "पाचवं काही दिसलं तर चालत्या टेम्पोतून फेकून देईन."

"आणि पाहुणे आले तर गं?" माधवीनं विचारलं.

"खाली हॉटेलात ने. इराणी चहा पाज."

टेम्पो भरला. आता एकच गोष्ट राहिली होती. हाका.

त्यांच्या घराण्यात घर सोडताना वडीलधारी बाई उंबऱ्याबाहेर उभी राहते, रिकाम्या घराकडे तोंड करते आणि एकेकाला नावानं हाक मारते. "चला, घर बदललं." ज्याचं नाव, त्यानं ओ द्यायची. माणूस निघाला तरी जीव मागेच घुटमळतो म्हणे. नाव घेतलं की तोही येतो.

"प्रभाकर, चल, घर बदललं."

"आलो."

"सुनीता, चल."

"आले, ताई."

"माधवी, चल."

"आले, आले!"

माधवी नुकतीच वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. आता तिच्या तोंडाला कुलूप कसलं! दोन्ही हात पसरून ती रिकाम्या घरात ओरडली, "आणि अजून कोणी राहिलं असेल तर त्यांनी पण चला! बिल्डिंगला लिफ्ट आहे!"

आईबाबा खो खो हसले.

आत्या हसली नाही.

आतून... अगदी मागच्या खोलीतून... कुणीतरी हळूच म्हणालं,

"आले..."

"रिकामं घर आहे, आवाज घुमतो," बाबा म्हणाले. "चला, तो ड्रायव्हर कबसे हॉर्न मार रहा."

माधवीनं वळून मागच्या खोलीकडे पाहिलं. पण घुमला असता तर तिचा आवाज घुमला असता ना? हा तिचा नव्हता.

टेम्पोत आत्यानं तिचा हात घट्ट धरला. "नाव घेतल्याशिवाय कुणाला बोलवत नसतात, पोट्टी. कोण येईल ते आपल्याला माहीत नसतं."

नव्या घरात पहिले दोन दिवस मजेत गेले. उठता-बसता एकमेकांना धक्के. बाबा म्हणाले, "वळायचं तरी एकमेकांना विचारून वळावं लागतंय!"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं चार कप चहा ओतला.

माधवीचा कप दिसेना.

"आई, माझा चहा?"

"आत्ताच दिला की. बाल्कनीत बसली होतीस ना?"

"मी आत्ता अंघोळ करून आले!"

बाल्कनीच्या कठड्यावर कप होता...

रिकामा.

"विसरलीस बघ," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौघं जण हॉलमध्ये बसले होते. बाथरूममध्ये पाणी पडायला लागलं. दाराला आतून कडी.

बाबांनी दार ठोठावलं.

पाणी थांबलं.

मग कडी आपोआप निघाली... आत कुणीच नव्हतं. माधवीचा टॉवेल तेवढा चिंब ओला.

"धुऊन पिळायचा राहिला असेल," बाबा म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी बाथरूमचं दार उघडंच ठेवलं.

शनिवारी दुपारी आत्या दिवाणावर डोळे मिटून पडली होती. तिचा हात भिंतीकडच्या बाजूला कुणाच्या तरी केसांवरून फिरावा तसा हळूहळू फिरत होता.

"माधे," ती झोपेतच पुटपुटली, "ओल्या केसांनी झोपू नये गं..."

माधवी दारात उभी होती.

केस कोरडे. दोन वेण्या घातलेल्या.

तेव्हा तिला कळलं. घर चौघांचं. कप चार, ताटं चार. कुणी आपलं म्हणून राहायला आलं असेल, तर त्याला यांतलीच एक जागा लागणार.

आणि त्याला तिची जागा आवडली होती.

सोमवारी शाळेतून येऊन तिनं बेल वाजवली. आत आईची पावलं वाजली. दार उघडलं नाही.

"कौन है?"

"आई, मी!"

"मी कोण?"

"माधवी!"



"ए, कुणाची पोरगी आहेस तू?" आईचा आवाज चिडका झाला. "असली चेष्टा नक्को. माधवी कधीच आली. आत कपडे बदलतेय."

 माधवीनं दोन्ही हातांनी दार बडवलं. "आई! आई गं, दार उघड!"

तेवढ्यात लिफ्ट उघडली. भाजीची पिशवी घेऊन आत्या. तिनं सगळं ऐकलं होतं. पिशवी हातातून सुटली, टोमॅटो जिन्यावरून घरंगळत गेले.

"ऐक," ती कुजबुजली. "मी नाव घेते. ओ तू द्यायची. तिच्या आधी. कळलं?"

आत्यानं किल्लीनं दार उघडलं आणि ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली होती, त्या आवाजात म्हणाली,

"माधवी प्रभाकर निर्मळकर!"

माधवीनं तोंड उघडलं.

घशातून आवाजच फुटेना. वक्तृत्वात पहिली आलेली पोरगी, आणि दोन अक्षरं निघेनात!

आतल्या खोलीत... कुणीतरी श्वास घेतला...

"आ..."

"आले!" माधवी किंचाळली.

"...ले."

दोन्ही आवाज एकदमच संपले.

आई मध्ये उभी. तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. मग बाहेर पाहिलं. परत आत पाहिलं. माधवी म्हणते, आयुष्यात ती कशाला घाबरली असेल तर आईच्या त्या बघण्याला.

मग आईनं हात पुढे केला आणि बाहेरच्या माधवीला घट्ट ओढून घेतलं.

त्यानंतर केस ओले नाहीत, कडी लागत नाही.

मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. ट्रेमध्ये पाच कप होते. पाचवा नवाकोरा, निळ्या फुलांचा. मी हात पुढे केला.

"तो नक्को!" माधवी जवळजवळ ओरडलीच.

मला चहा स्टीलच्या ग्लासात मिळाला. चहानं भरलेला निळा कप आत्यानं बाल्कनीच्या कठड्यावर नेऊन ठेवला.

"आपणच बोलावलं तिला," आत्या म्हणाली. "जुनं घर तर पाडून टाकलं. आता परत कुठं जा म्हणू?"

निघताना मी मुद्दाम बाल्कनीत डोकावले. आम्ही सगळे हॉलमध्येच होतो, कुणीही उठलं नव्हतं.

कप रिकामा होता.

सगळे मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. सवयीनं माझ्या तोंडात आलंच होतं, "आता सगळ्यांनी एकदा आमच्याकडे या हं..."

मी ओठ गच्च मिटून घेतले.

आमचंही घर चौघांचंच आहे.