आवाज नसलेला कॅमेरा

सिस्टर कॅमेऱ्याच्या दुकानात शिरल्या तेव्हा त्यांची मागणी अगदी साधी होती. आपण ड्यूटीवर असताना बाबा घरात ठीक आहेत, एवढं मोबाईलवर दिसावं. या एवढ्याशा गोष्टीपायी जीव मेटाकुटीला येईल, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्यांना हसू आलं असतं.

"वायफायचा हवा की वायरचा?" कॅमेरेवाल्याने विचारलं. "गोल की लांबट? फिरणारा की एका जागी बसणारा? अंधारात रंगीत दिसायला हवं का?"

"दादा, म्हातारा माणूस पडला तर कळायला हवं, बस."

"पडल्यावर ओरडणारा वेगळा येतो."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. दिवसभर वॉर्डात बारा जणांची बारा गाऱ्हाणी ऐकून आलेल्या बाईला आता ओरडणारा कॅमेरा नको होता. तेवढ्यात भावाचा फोन आला. भाऊ परदेशात होता, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक असायचं. स्वस्तातला घेऊ नकोस, महागातलाही घेऊ नकोस, घाई करू नकोस आणि उशीर तर मुळीच करू नकोस, असं सांगून त्याने फोन ठेवला.

उशीर करून चालणारच नव्हतं. बाबा एका दुपारी मागच्या गल्लीत अनवाणी बसलेले सापडले होते. शेजारणीने धरून आणलं. मागचं दार उघडून ते कशासाठी गेले, हे त्यांना सांगता येईना. तोवर त्यांची स्मृती चांगली होती. सगळी हयात जमिनी मोजण्यात गेलेली, अजूनही रस्ता विचारला तर पावलांत सांगायचे.

घर ओळीतलं शेवटचं. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सरळ बोळासारखा पॅसेज, एका अंगाला दोन खोल्या, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. पॅसेजमध्ये एक कॅमेरा लावला की काम भागत होतं. शेवटी सिस्टरांनी वायफायचा गोल कॅमेरा घेतला. त्यात स्पीकर होता, म्हणजे वॉर्डातून बाबांशी बोलताही येणार होतं.

पहिले दोन दिवस मोबाईलच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. ते एकदाचं थांबलं, तर बाबांची तक्रार सुरू झाली.

"दुपारी किती हाका मारतेस गं चिमणे? धड जेवू देत नाहीस."

सिस्टर पन्नाशीला आल्या होत्या, पण बाबांसाठी अजून चिमणीच होत्या.

"मी कुठे हाका मारल्या? आज पाणी प्यायला फुरसत नव्हती मला."

"तूच की. बाबा, मागचं दार उघडा म्हणालीस. दोनदा म्हणालीस."

सिस्टरांना भीतीपेक्षा रागच जास्त आला. कोणीतरी टवाळ माणूस कॅमेऱ्यात शिरून म्हाताऱ्याची चेष्टा करत असणार. कॅमेरेवाल्याने पासवर्ड बदलून दिला. दोन दिवसांनी परत तेच. कंपनीला फोन लावला, तर अर्धा तास संगीत ऐकवून फोन कट झाला. भाऊ म्हणाला, "मी आधीच सांगितलं होतं." त्याने काय सांगितलं होतं, ते मात्र दोघांनाही आठवेना.

मग वायरचा कॅमेरा आला. भिंतींना भोकं पडली, घरभर चुन्याची पूड झाली, टीव्हीखाली रेकॉर्डरचा डबा बसला. इंटरनेटशी त्याचा काही संबंधच ठेवला नाही. म्हणजे बाहेरचा कोणी शिरायला नको. अर्थात सिस्टरांनाही आता मोबाईलवर काही दिसत नव्हतं. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तेच हातचं गेलं होतं.

आणि बाबा म्हणाले, "आजही बोलावलंस."

त्या संध्याकाळी सिस्टरांनी रेकॉर्डिंग लावलं. पॅसेजमध्ये बाबा एकटेच, काठीवर भार देऊन उभे. मान वर, कॅमेऱ्याकडे.

"हो गं... हो... अगं पण कडी घट्ट आहे..." आणि जरा वेळाने, "बरं... उद्या बघतो."

दुसऱ्या कोणाचाही आवाज नव्हता. बाबांच्या दोन वाक्यांमध्ये मात्र बरोबर समोरच्याला बोलता येईल एवढी जागा सुटत होती. सिस्टरांनी आवाज मोठा केला. बाबा बोलत असताना मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती. ते थांबले की घरघरही थांबत होती. पडद्यावर पंखा फिरतच होता.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या त्या तडकलेल्याच. "ज्याला तोंडही नाही आणि कानही नाही, असा कॅमेरा द्या मला."

"हल्ली तसा कोणी घेत नाही, ताई." कॅमेरेवाल्याने खालच्या फळीवरून धुळकट खोका काढला. कॅमेऱ्याचे स्क्रू काढून आतलं दाखवलं. "बघा. माईक नाही, स्पीकर नाही. मोबाईलवर चित्र दिसेल. आवाज मात्र यातून यायची सोयच नाही."

तो लावला आणि घरात खरंच शांत झालं. बाबा वेळेवर जेवायला लागले. आठवडा असा गेला की सिस्टर दुपारी मोबाईल काढायच्याही विसरायला लागल्या. एकदा चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "आता कोणी हाका मारत नाही ना?"

"नाही." बाबांनी कप खाली ठेवला. "आता नुसत्या खुणा करतेस."

"कुठून... कुठून खुणा करते?"

बाबांनी काठी उचलून कॅमेऱ्याच्या काचेकडे नेली. सिस्टर स्टुलावर चढल्या. काचेत काय दिसणार? वाकडातिकडा पॅसेज, त्यात आपलं एवढंसं डोकं, आणि मागे बाबा, कौतुकाने बघत असलेले.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, औषधांची गाडी ढकलता ढकलता, त्यांनी मोबाईल उघडला. बाबा पॅसेजमध्ये होते. वर बघत होते. समजलं, अशी मान हलवली आणि मागच्या दाराकडे गेले. कडीशी बराच वेळ झटले. दार उघडलं. बाहेर उन्हाचा पांढरा चौकोन, बाकी कोणी नाही.

मग बाबा बाजूला सरले. अरुंद जागेत कोणाला वाट द्यायची असली की अंग चोरून भिंतीला टेकतो, तसे टेकले. त्यांची नजर दारापासून सावकाश पुढे आली, कॅमेऱ्याच्या खालून गेली आणि सिस्टरांच्या खोलीपाशी थांबली.

सिस्टरांनी घरचा फोन लावला. वाजत राहिला. बाबांनी वळूनही पाहिलं नाही.

त्या मिळेल त्या गाडीने घरी पोहोचल्या. मागचं दार बंद होतं, बाबा टेबलाशी पेपर वाचत बसले होते. सिस्टरांना बघून गोंधळले.

"आता पुन्हा बाहेरून कशी आलीस?"

इतक्या दिवसांचा वैताग त्या क्षणी उफाळून आला. सिस्टरांनी स्टूल ओढलं, कॅमेरा उपटला, रेकॉर्डरचा डबाही काढला आणि सगळं नेऊन दुकानाच्या काउंटरवर ठेवलं. "मला यातलं काही नको. पुन्हा दाखवूही नका." इस्पितळातल्या डॉक्टरांशी बोलल्या. वयाने भास होतात, गोळ्या देऊ, सोबतीला माणूस ठेवा, असं ते म्हणाले. ते ऐकून सिस्टरांना रडू आलं आणि बरंही वाटलं. आजाराला नाव असलं की त्यांना भीती वाटत नसे. सोमवारपासून एक बाई यायचं ठरलं.

त्याआधीच्या शनिवारी, कामावरून परतताना, कॅमेरेवाल्याचा फोन आला.

"ताई, चित्र नीट दिसतंय ना?"

"कसलं चित्र?"

"दुपारी बसवून गेलो त्याचं. तुमच्या खोलीतलं."

सिस्टर रस्त्यातच थांबल्या. "कोणी सांगितलं बसवायला?"

"अहो, तुम्हीच तर फोन केलात. स्टूल धरून उभ्या होतात की माझ्याशेजारी." तो हसला. "खरं सांगू? आज फार बरं वाटलं. एक प्रश्न नाही, कटकट नाही. बोट दाखवलंत, हाच म्हणालात, झालं काम."

"कुठे... कुठे बसवलात?"

"तुम्ही म्हणालात तिथेच. उशीच्या बरोबर वर."

पुढचा रस्ता त्यांनी कसा कापला, त्यांना कळलं नाही. दार बाबांनीच उघडलं. स्वच्छ शर्ट घातला होता, केस विंचरले होते. आत स्वयंपाकघरात नळ धो धो वाहत होता. बाबा विसरले असतील, असं सिस्टरांच्या मनात येऊन गेलं.

"बाबा, माझ्या खोलीत कोण आलं होतं?"

बाबांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग अदबीने खुर्ची पुढे केली.

"या. बसा ना तुम्ही."

"बाबा... अहो, मी..."

"हो, हो. मुलीने सांगितलंय मला." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "म्हणाली, माझ्यासारखी दिसणारी एक बाई संध्याकाळी येईल. दमलेली असेल. तिला काही विचारू नका. माझ्या खोलीत झोपू द्या... पुढचं मी बघते."

बाबा स्वयंपाकघराच्या दिशेने वळले आणि त्या लाडक्या, सवयीच्या आवाजात त्यांनी हाक मारली, "चिमणे... आल्या गं त्या."

आतला नळ बंद झाला.