तात्यांचा अर्धा डाव

हे खरं आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथूनच मागं फिरावं, माझी काही तक्रार नाही. मी स्वतः भुताबिताला हसणारा माणूस. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

रात्र नव्हती. मंगळवारची भर दुपार होती. जागा म्हणाल तर सुपा, एमआयडीसीच्या मागची भाड्याची खोली.

कल्याण म्हणजे माझे दाजी, ज्योतीचे मालक. तिथल्याच एका कंपनीत मशीनवर आहेत. गाव काष्टी. गावी त्यांचे वडील भिमाजी, सगळ्यांचे तात्या, महिनाभर आधी झोपेतच गेले.

दाजी रडले नाहीत.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कावळे झाडावर बसून होते, खाली काही येईनात. "म्हातारीला सांभाळू!" "नातवाला शिकवू!" भावकीनं ओरडून ओरडून शब्द दिले. कावळे ढिम्म. तात्यांचं काहीतरी राहिलंय एवढं सगळ्यांना कळलं. काय, ते कुणालाच कळेना.

"कल्याण, तू तरी बोल की रं," त्यांची आई मनकर्णामावशी म्हणाल्या.

दाजी नुसते उभे. त्यांना काही वाटतच नव्हतं. हात बधिर होतो ना, तसं आतून झालं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

सुप्याला परतल्यावर एकच सुरू. ड्युटी, आणि मोबाईलवर बुद्धिबळ. तीन-तीन मिनिटांचे डाव, तेही फसवे. आपला वजीर मुद्दाम उघडा सोडायचा. समोरचा हावरटासारखा तो मारतो, तेवढ्यात यांचे घोडे-उंट त्याचा राजा कोंडतात. खेळ खलास, पुढचा डाव. जिंकल्यावरही चेहरा कोराच.

"अवो, पोरगं बोलतंय तुमच्याशी!" ज्योती चिडायची.

"हं."

तात्यांना असले डाव आवडायचे नाहीत. "आल्या आल्या दाराला लाथ घालतो व्हय रं?" म्हणायचे. त्यांचा खेळ जुना, गावाकडचा. प्यादं एका वेळी एकच घर चालणार. आणि शह बसायच्या आधी, डावात एकदाच, राजाला घोड्यासारखी अडीच घरांची उडी. मोबाईलवर ही उडी नसते. दाजींनी एकदा मोबाईल दिला, तर तात्यांनी तसाच परत केला. "राजाला उडी न्हाई? मंग कशाला खेळायचं!"

दिवाळीत बापलेकांनी लाकडी पटावर डाव मांडला होता. दाजींनी वजीर उघडा टाकला, तात्यांचा राजा उडी मारून निसटला, तात्या लई हसले. मग कंपनीचा फोन आला. दाजी उठले. "तात्या, पुढच्या खेपेला पुरा करू."

तात्यांनी तो पट कुणाला हलवू दिला नाही. मांडलेला तसाच फळीवर ठेवला. ते गेल्यावर मावशींनी सोंगट्या डब्यात भरल्या.

तर त्या मंगळवारी...

ज्योती पोराला शाळेतून आणायला गेली होती. दाजी तिसरी पाळी करून आलेले, कॉटवर पडून खेळत होते. नवीन डाव लागला.

समोरच्याचं नाव... कोरं.

ना नाव, ना देश, ना गुण. दाजींनी लक्ष दिलं नाही. नेहमीचा सापळा लावायला घेतला.

समोरच्यानं प्यादं सारलं. एकच घर. दुसरं सारलं... एकच घर.

तिसरंही.

"नवशिका दिसतोय," दाजी पुटपुटले. वजीर उघडा सोडला. घे म्हटलं.

समोरचा थांबला.

तेव्हा दाजींच्या ध्यानात आलं... पंखा फिरतोय, पण आवाज नाही. रस्त्यावर दिवसभर कंटेनर धावतात, त्यांचाही नाही. शेजारचा टीव्ही... तोही नाही.

एकच आवाज होता.

टक्... टक्... टक्...

लाकडावर लाकूड. तात्या विचार करताना मारलेलं प्यादं पटाच्या कडेवर असंच वाजवायचे.

मोबाईल सायलेंटवर होता.

आणि राजा उडाला. प्याद्यांवरून, अडीच घरं.

दाजी ताडकन उठून बसले. अहो, असं होतच नाही! ॲप ती चाल घेतच नाही. पण घेतली. घड्याळ दाजींच्या बाजूनं धावायला लागलं.

"तात्या?"

टक्.

मग दाजी खेळले. चलाखी नाही, सापळा नाही, घरच्या पटावर बसल्यासारखे खेळले. चाल, चाल, चाल... आणि एकाएकी त्यांचा अंगठा हवेतच राहिला.

समोर दिवाळीचा डाव होता.

सोंगटी न् सोंगटी. कंपनीचा फोन आला तेव्हा होता, तिथंच येऊन थांबलेला. चाल दाजींची होती. हत्ती शेवटच्या ओळीत नेला की मात. डाव पुरा.

कावळा का शिवला नाही, ते दाजींना तेव्हा कळलं.

अंगठा हत्तीवर ठेवला. पाच सेकंद... तीन... एक...

त्यांनी चाल केली नाही.

घड्याळ शून्यावर जायला हवं होतं.

गेलं नाही. एकावरच थांबलं.

ज्योती पोराला घेऊन आली तेव्हा पंखा घरघरत होता, बाहेर कंटेनर चालले होते. दाजी मोबाईल चार्जिंगला लावून त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते.

त्याला आता महिना होत आला. तो मोबाईल कुणी बंद करायचा नाही, हात लावायचा नाही. बोलायला दाजींनी दुसरा साधा घेतलाय. मी मुद्दाम जाऊन पाहिला. राजा बाहेर, एकटा. घड्याळात एक सेकंद. मी चहा पिऊन संपवला तरी ते हललं नाही.

आणि कप खाली ठेवताना मी ऐकलं. टक्... देवाशपथ सांगतो.

"दाजी, खेळून टाका की ती चाल."

"मंग?"

"तात्या सुटतील."

"व्हय, सुटतील." दाजी मोबाईलकडंच बघत होते. "आन् मी मंग कुनासंगं खेळू?"



परवा काष्टीला तात्यांचं मासिक श्राद्ध होतं. आम्ही सगळे गेलो. खीर, वडे, गवारीची भाजी, तात्यांच्या आवडीचं सगळं पानावर वाढून पत्र्यावर ठेवलं. लिंबावर कावळे होते. एकही उतरला नाही. मावशी उन्हात हात डोळ्यांवर धरून उभ्या राहिल्या, "या वो, या," म्हणत राहिल्या. त्यांचा आवाज पार बसला.

"कल्याण, काय राहिलं रं त्यांचं? तुला काय ठाऊक हाय का?"

"न्हाई, आई."

मग मावशी माझ्याकडं वळल्या. "तुला रं, बाबा?"

दाजी माझ्याकडं बघत होते. शर्टाच्या खिशात तो मोबाईल, पॉवर बँकेची वायर बाहेर लोंबत होती.

मी म्हणालो, "न्हाई, मावशी."

ऊन उतरलं तरी पान तसंच. मावशींनी ते उचलून गाईपुढं ठेवलं आणि आम्ही जेवायला बसलो. दाजी माझ्या शेजारीच होते. जेवण होईपर्यंत त्यांच्या खिशातून तो टक्... टक्... आवाज येत होता, आणि आम्ही दोघंही मान खाली घालून जेवत होतो.