मूठ का सोडलीस?

"पाय काढा चाकावरनं."

संयमशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. पारगावच्या साखर कारखान्याचा हंगाम संपला होता. उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते यार्ड रिकामं पडलं होतं, आणि आमच्या मोटरसायकल क्लबने तिथे चुन्याच्या रेघा मारून शर्यत ठेवली होती. सन दोन हजार दोन, मे महिना, ऊन असं की सीटवर हात ठेववत नव्हता. आणि हा उंच, शिडशिडीत मुलगा कुणाशी तरी गप्पा मारत माझ्या गाडीच्या चाकावर बूट टेकवून उभा!

त्याने पाय काढला. वर हसला.

"गाडी तुमची व्हय? मला वाटलं, भावाची राखताय."

झालं. माझं डोकं फिरलं.

"भावाची न्हाई, माझी हाये. रोज पिंपळवंडीच्या रानातनं दुधाचे कॅन बांधून डेअरीला नेते हिच्यावर. तुमचं काय, पावणं? शर्यत बघाय आलात का सावली शोधाय?"

"पळायला," तो म्हणाला. "एक्स्पर्टमधी."

क्लबात दोन गट होते, नवशिके आणि एक्स्पर्ट. नवशिक्यांनी पाठीला पिवळं फडकं बांधायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की पुढे कच्चा गडी आहे, जरा बाहेरून जा. मी एकटीच मुलगी. क्लबचे अध्यक्ष संपतभाऊ माईकवर दर वेळी म्हणायचे, "आणि आता आपली इंद्रायणीताई! टाळ्या वाजवा!" बाकी कुणासाठी ते टाळ्या मागत नसत. मला त्या टाळ्यांची चीड होती. मला एक्स्पर्टमध्ये जायचं होतं, बास.

त्या दिवशी गडी कमी आले. दोन शर्यती होईनात. संपतभाऊंनी जाहीर केलं, "दोन्ही गट एकत्र सुटतील. बक्षिसं येगळी. आणि नवशिक्यानं एका जरी एक्स्पर्टला माघारी टाकलं, तर तो पुढच्या टायमाला वर!"

एक्स्पर्ट कुरकुरले. एकटा संयम म्हणाला, "पळू द्या की एकत्र. मजा येईल." म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं… तसं बघायची काही गरज नव्हती. मीही नजर वळवली नाही. का वळवावी?

पहिल्याच वळणावर तो घसरून सगळ्यांच्या मागे पडला. मग एकेकाला गाठत आला, आणि शेवटच्या फेरीत माझ्या मागच्या चाकाला लागला. त्याच्या इंजिनाचा आवाज चढत चढत अगदी कानाशी आला. मी ॲक्सिलरेटरची मूठ पुरती पिळली… आणि तो आवाज पडला. ब्रेक नाही, घसरणं नाही. माणसाने मुद्दाम मूठ सैल सोडली की पडतो, तसा पडला.

मी त्याच्या पुढे रेघ ओलांडली. लोकांनी नुसता गोंधळ घातला. संपतभाऊ ओरडले, "ताई एक्स्पर्टमधी!" मला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

संयम पाण्याच्या टँकरपाशी तोंड धूत होता.

"मूठ का सोडलीस?" तुमी-बिमी गेलं उडत.

"कुठं सोडली?"

"खोटं बोलू नको. मला कान हायेत."

त्याने टँकरचा नळ बंद केला. "तुझ्या तोंडावर सगळी ढेकळं उडाली असती. आणि… तुला वर जायचं व्हतं ना? वाटलं, आवडंल तुला."

"आवडंल? अरे, तू पुरता पळला असतास तर मी पुढं ऱ्हायले असते का न्हाई, हे आता मला कसं कळणार? सांग की! तू मला काय दिलं न्हाईस. माझं व्हतं ते घेतलंस!"

रागारागाने ओढला, तरी हेल्मेटचा पट्टा सुटेना. त्याने मदतीला हात पुढे केला. मी तो झटकला, चांगला जोरात.

"जा. माईकवर सांग."

"सगळे हसतील गं."

"माझ्यावर हसत्यात, तवा?"

मला वाटलं, जाणार नाही. तो गेला. माईक धरून म्हणाला, "मी मूठ सोडली. ती वर गेली ते धरू नका." शिट्ट्या उठल्या. कुणी ओरडलं, "पोरगी बघून पाघळला!" तो मान खाली घालून उभा राहिला, पण पळून नाही गेला. संपतभाऊंनी माझं वर जाणं रद्द केलं, आणि पुढच्या शर्यतीत त्याने शेवटच्या रांगेतून सुटायचं अशी शिक्षा दिली.

घरी येताना मी रस्ताभर त्याला शिव्या घातल्या. राग जाईना. आणि माईकसमोर लाल झालेले त्याचे कान डोळ्यांपुढून जाईनात. त्याचाही रागच आला.

मधल्या दिवसांत क्लचची केबल तुटली. जवळच, नारायणगावात मिळाली असती. मी बेल्ह्याला गेले… तिथे त्याच्या वडिलांचं, उत्तमचंदशेठचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. शेठ गल्ल्यावर होते, तो आत.

"केबल पाहिजे."

"अजून रागात हायेस?"

"केबल!"

त्याने केबलला बोटाने तेल लावलं. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हळू म्हणाला, "पुढच्या शर्यतीला इथं बैलबाजाराच्या मैदानावर परत दोन्ही गट एकत्रच पळणार. सांग, काय करू?"

"पळ."

"आणि तू पडलीस तर?"

"पडले तर माझी मी उठीन. पण या टायमाला मूठ सोडलीस ना, तर तुझं तोंड बघणार न्हाई."

केबल घेताना त्याची तेलकट बोटं माझ्या बोटांना लागली. मी हात लगेच काढला नाही. शेठ चष्म्यावरून बघायला लागले, तशी निघाले.

बेल्ह्याच्या मैदानावर तो शेवटच्या रांगेतून सुटला. माझ्या पुढचे एक्स्पर्ट हाती लागणारे नव्हते. मला वर जायचं तर एकट्या संयमला मागे ठेवायचं होतं. शेवटच्या फेरीपर्यंत ठेवलं. मग तो आवाज आला. चढत, चढत… कानाशी. हेल्मेटमध्ये मी ओरडत होते, "सोडू नको! सोडू नको!" मला पुढे राहायचं होतं, आणि तरी ओरडत होते. आवाज पडला नाही. तो बाहेरून घासत गेला, त्याच्या चाकाची ढेकळं माझ्या तोंडावर फुटली, आणि एका गाडीच्या अंतराने मी हरले.

मी नवशिकीच राहिले. गाडीवरून उतरून थुंकले. बैलबाजाराची माती कशाची असते, ते सांगायला नको. आणि मग मला हसू फुटलं. एक गाडीभर अंतर. ते खरं होतं, कुणी कमी-जास्त केलेलं नव्हतं, आणि तेवढं मी कापू शकत होते.

संयम स्वतःची गाडी आडवी टाकून पळत आला. "लागलं का?"

"दातात शेण गेलंय माझ्या!"

"तूच म्हणलीस, पळ!"

"म्हणून एवढं?"

"लई जड गेलं," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "हात सुटत व्हता माझा. पण तू म्हणलीस, तोंड बघणार न्हाई… आणि मला तर रोज बघायचंय ते तोंड."

"शेणाचं?"

"शेणाचं बी."

मी नजर वळवली. या वेळी मला वळवावी लागली.

"पुढच्या शर्यतीत गाठते तुला," मी म्हणाले.

"गाठलंस तर?"

"तर लग्नाचं मी विचारीन." कसं तोंडातून गेलं, देव जाणे.

"आणि न्हाई गाठलंस तर?"

"तर तू विचार."

"मग शर्यत कशाला पाहिजे मधी? आत्ताच विचारतो. करतीस का लग्न?"

"तुमी जैन, तुमच्या घरात कांदा चालत न्हाई. आमचं सगळं रान कांद्याचं हाये!"

"आई बोलायची बंद व्हईल थोडे दिवस. समजावतो तिला."

"माझे आबा काठी घेऊन येतील."

"येऊ देत. हलणार न्हाई मी."

माईकसमोर तो कसा उभा राहिला होता, ते मी बघितलं होतं. त्यामुळे हे मला पटलं.

"आणि लग्न झाल्यावर, बायको म्हणून, माझ्यासाठी मूठ सोडलीस तर?"

"मरंस्तवर न्हाई."

"मग हो," मी म्हणाले. रागातच म्हणाले. हो दुसऱ्या कुठल्या आवाजात म्हणतात, ते मला तेव्हा येत नव्हतं.