फ्रीजवाले पाहुणे

"उठा... तुम्ही चाळीस पोरांच्या लसींवर बसलाय."

तो दचकून पेटीवरून उठला, नाव हेलकावली, आणि तोल सावरायला त्याने नेमका माझाच खांदा धरला.

"सॉरी, सिस्टर. मला वाटलं बाकडंच आहे."

"बाकड्याला खांद्याला लावायचा पट्टा असतो का?"

तो हसला. मी पाण्याकडे बघत राहिले... पण हसू मलाही आवरेना.

नदीपलीकडे डोंगरावर आमची वस्ती. नर्स होऊन परत आलेली मी तिथली पहिलीच मुलगी. औषधं बर्फात आणायची आणि बर्फ वितळायच्या आत संपवायची, ही माझी शर्यत. दोन वर्षांपूर्वी आत्याची सून बाळंतपणानंतर रक्त जाऊन गेली. ते थांबवणारं इंजेक्शन गार ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे ती सोयच नव्हती.

तो उन्हावर चालणारा फ्रीज बसवायला आला होता. दोन दिवसांचं काम.

पाचव्या दिवशीही स्वारी दवाखान्याच्या छपरावरच.

"अजून झालं नाही?" मी खालून विचारलं.

"पत्र्याचा उतार चुकलाय."

"काल म्हणालात, वायर आखूड आहे."

"तीही आहेच..." पाना हातात, नजर माझ्याकडे.

आत्या शेजारून म्हणाली, "अगं, पाना नुसता हवेत फिरतोय." माझे कान तापले.

आठव्या दिवशी सकाळी घरी माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या. नदी फुगलेली, नाव बंद. मुलगी सुखरूप झाली, पण वहिनीचं रक्त थांबेना. आत्या दारात थिजून उभी होती. तिला कोण आठवतंय ते मला कळत होतं.

मला वहिनीजवळून हलता येईना. "फ्रीजचा वरचा कप्पा, निळ्या पट्टीची कुपी," मी दाराबाहेर ओरडले, आणि तो चढावर धावत सुटला.

आला तो धापा टाकत, गुडघा फुटलेला, कुपी ओल्या रुमालात जपलेली. मी इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले... हळूहळू रक्त थांबलं. वहिनीने पाणी मागितलं, तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

बाहेर पायरीवर मी त्याचा गुडघा पुसू लागले.

"दुखतंय?"

"हो. सावकाश करा... घाई नाही." मग हळूच, "खरं सांगू? फ्रीज तिसऱ्याच दिवशी चालू झाला होता."

"औषधं मीच आत ठेवली. मला माहीत नसेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तुम्ही गेला असता."

तेवढ्यात आत्या बाळाला घेऊन बाहेर आली. तो धडपडत उभा राहू लागला; मी गुडघा दाबून त्याला खाली बसवलं.

"आत्या," तो म्हणाला, "नदी उतरली की मी जातो... आणि आईला घेऊन येतो. चालेल?"

"मला काय विचारतोस? जिने धरून बसवलंय, तिला विचार."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात काढला नाही.