आराखड्यावरची एकमेव हरकत

आमच्या टेकचंद मामांना थापा मारता येत नाहीत. पस्तीस वर्षं नोकरी केली, पण आजारपणाची खोटी रजासुद्धा कधी टाकली नाही. म्हणून सांगतो, हे खरं आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलो होतो.

मागच्या फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार. जागा, कारध्याजवळची वैनगंगेकाठची, मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातली जुनी बाग.

वेळ... संध्याकाळचे पावणेसहा.

मामा उद्यान विभागात बाबू. निवृत्तीला चार महिने उरलेले. बाग पुढची वीस वर्षं कशी सांभाळायची याचा आराखडा नुकताच तयार झाला होता. तिकीट किती, दिवे कुठे, कोणती झाडं ठेवायची, सगळं त्यात होतं. पूर्वेच्या कोपऱ्यात जुन्या माळ्यांच्या पडक्या खोल्या होत्या. तिथे पार्किंग होणार होतं.

त्याच कोपऱ्यात एक बकुळ होती. पुष्पामामींनी लावलेली.

मामी या बागेत रोजंदारीवर तण निंदायला जायच्या. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. मूलबाळ नाही. घरात मामांशी बोलायला उरला फक्त रेडिओ.

बकुळ वाचावी, एवढंच मामांना हवं होतं. पण आपल्याच कार्यालयाच्या आराखड्यावर बाबूने हरकत कशी घ्यायची? दुसऱ्या कोणी एकाने जरी घेतली असती, तरी तो कोपरा फेरविचाराला गेला असता.

म्हणून हरकतींच्या सुनावणीचं काम मामा मागून घेऊन बसले. बागेतच, टेबल टाकून, समोर एक रिकामी खुर्ची ठेवून.

तीन दिवस कोणीही आलं नाही.

शेवटच्या दिवशी कागद बंद करण्याआधी तीन वेळा पुकारा करायचा, अशी तिथली रीत. मग लिहायचं, ‘कोणी हजर नाही.’

झाडणारी शकुनबाई घरी निघाली होती. ती थांबली.

"बाबूजी, दोनच हाका मारा जी. दिवेलागणीले रिकाम्या जागेत तिसरी हाक मारत नाही."

"काहून?"

"तिसरीले कोनीतरी ओ देते."

"देऊ दे ना बाई! तीन दिवसांपासून त्याच्यासाठीच तं बसून राहिलो."

शकुनबाई हसली नाही. फाटकाची कडी वाजली. बागेत मामा एकटेच उरले.

"आराखड्यावर कोणाची हरकत आहे काय?"

पहिली हाक. नदीकडून थोडा वारा आला, बस्स.

दुसरी हाक...

बागेतली पाखरं एकदम गप्प झाली.

आणि मग पूर्वेच्या कोपऱ्यातून...

खर्र... खर्र... खर्र...

खुरप्याचा आवाज.

मामा उठून उभे राहिले. अजून उजेड होता. कोपरा स्वच्छ दिसत होता. बकुळीखाली कोणीही नव्हतं.

गवत मात्र हलत होतं. एका ओळीत, हळूहळू पुढे. निंदणाऱ्या बाया सरकतात ना, तसं.

तेव्हाच पळायला हवं होतं, असं ते आता म्हणतात. पण तो आवाज त्यांनी दोन वर्षांत ऐकला नव्हता. मामींचं खुरपं असंच वाजायचं.

शकुनबाईचं बोलणं त्यांना आठवलं. आठवलं म्हणूनच त्यांनी तिसरी हाक मारली.

खुरपी थांबली.

"हाव जी..."

एक आवाज नव्हता. दहा-बारा होते. बागेत चहूकडून, जमिनीलगत... उकिडव्या बसलेल्या माणसांचं तोंड असतं तेवढ्या उंचीवरून.

"पुष्पा?" मामा म्हणाले. "पुष्पा, तू हायेस का?"



मग समोरच्या रिकाम्या खुर्चीतून एक म्हातारी बाई बोलली. वाईट बातमी सांगताना बोलतात तसं, हळू.

"पुष्पा नाही इथं, बाबूजी. आमीच आहो."

मामा सडकेवर कसे पोचले, त्यांना आठवत नाही.

सोमवारी कागद उघडला, तर त्यावर एक हरकत नोंदलेली. अक्षर मामांचंच. ‘माळी लोकांची हरकत. कोपरा सोडावा.’ आपण हे कधी लिहिलं, ते मामांना आजही सांगता येत नाही.

साहेबांनी विचारलं, "कोण माळी?"

"जुने," मामा म्हणाले. साहेबांनी कोपरा फेरविचाराला पाठवला.

पार्किंग रद्द झालं. बकुळ उभी आहे, यंदा फुललीही. पण मामा त्या बागेत पुन्हा पाऊल टाकत नाहीत. परवा मी विचारलंच, "भेव वाटते का मामा?"



"त्यायचं भेव नाही वाटत रे. बिचारे, मी बलावलं म्हनून आले." मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "पन बागेत राबलेले सारे तिथं हायेत. सारेच्या सारे. मंग माही पुष्पा एकटी कुठं असन?"