हक्काची खुर्ची

मी त्याच्या खुर्चीत न विचारता बसले, तिथून हे सगळं सुरू झालं.

त्या दिवशी पार्लरमध्ये एका लग्नघरातल्या सगळ्या बायका एकदम आल्या होत्या. केस कापायचं काम असं, की समोरची बसलेली असते आणि आपण उभ्या. संध्याकाळी बाहेर पडले तेव्हा पोटऱ्यांत गोळे आले होते. कोपऱ्यावर फर्निचर दुरुस्तीचं एक दुकान आहे, त्याच्या बाहेर फुटपाथवर एक मोठी, हातांची खुर्ची उतरत्या उन्हात ठेवलेली दिसली. कापड फाटलेलं, आतला काथ्या बाहेर डोकावणारा... पण पाठ उंच होती आणि बैठक चांगली ऐसपैस. मी इकडेतिकडे बघितलं, बसले आणि डोळे मिटले.

"घाबरू नका," अगदी जवळून आवाज आला, "फक्त एकदम उठू नका."

डोळे उघडले तर समोर एक उंच, सडपातळ माणूस. हातात हातोडी, शर्टावर भुसा, केसांतही भुसा.

"का?" मी विचारलं.

"तिला एक पाय नाहीये. विटांवर टेकवलीय. आणि तुम्ही नेमक्या त्याच बाजूला कललायत."

मी श्वास रोखून धरला. त्याने हात पुढे केला. धरावा की धरू नये, असा क्षणभर विचार केला, मग धरला. खरखरीत, कोमट हात होता. उभी राहिल्यावर मला माझ्याच आगाऊपणाचा राग आला आणि तो मी त्याच्यावर काढला. पाय नाही तर बाहेर कशाला ठेवायची, असं विचारलं.

"ऊन द्यायला. वास जातो." मग म्हणाला, "तुम्ही का बसलात?"

"मलाही आज पाय उरलेले नाहीत."

तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठ. हे मी तेव्हाच टिपून ठेवलं, आणि घरी जाताना रस्ताभर स्वतःला विचारत राहिले, की मला काय करायचंय त्याच्या डोळ्यांशी.

खुर्चीला मालक नव्हता. कोणीतरी घर रिकामं करताना टाकून दिली होती, त्याने उचलून आणली होती आणि मोकळ्या वेळात नवी करत होता. तयार झाल्यावर केवढ्याला देणार, असं मी दुसऱ्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याने सांगितलेली किंमत माझ्या अर्ध्या पगाराएवढी होती. माझा चेहरा पडायच्या आतच तो म्हणाला, "कमी करू." आतून एका बाईचा आवाज आला, की आधी गिऱ्हाइकाला तोंड तरी उघडू दे. ती त्याची वहिनी. दुकान दोघा भावांचं, पण व्यवहार वहिनी बघायची.

मी म्हटलं, विचार करते.

आता, अर्धा पगार माझ्याकडे नव्हता असं नाही. उलट तीच पंचाईत होती. बाबा गेल्यापासून माझा पगार घरी जात होता. आईचं औषधपाणी, धाकट्या भावाचं शिक्षण... उरेल त्यात खोलीचं भाडं आणि जेवण. बायका हातावर टीप ठेवून जात, त्यावर बाकीचं भागायचं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उगीच का सांगू? पैसे पाठवले की मलाच मोठं झाल्यासारखं वाटायचं. आणि महिन्यापूर्वी भावाला नोकरी लागली. त्याचा फोन आला, "ताई, आता घरचं मी बघतो. तू तुझ्यासाठी काहीतरी घे."

मी बाजारात गेले. दोन तास हिंडले आणि आईसाठी शाल घेऊन परत आले. मला स्वतःला काय हवंय, तेच आठवेना. हवं असण्याची सवयच गेली होती.

आणि आता मला एक खुर्ची हवीशी वाटत होती.

मी रोज संध्याकाळी दुकानात डोकवायला लागले. आधी जाता जाता, मग थांबून, मग सरळ आत जाऊन स्टुलावर बसून. तो जुना काथ्या उपसायचा, स्प्रिंगा दोरीने घट्ट बांधायचा, वर गोणपाट ताणायचा. ते ठोकायला चुका लागत... चुका म्हणजे बारीक खिळे. हात मोकळे राहावेत म्हणून तो त्या ओठांत धरायचा आणि एकेक काढून ठोकायचा. त्यामुळे त्याला बोलता यायचं नाही, आणि मला बोलल्यावाचून राहवायचं नाही. भाऊ, आई, शाल, पार्लरच्या मॅडम, केसांना कोणता रंग शोभेल यावरून नवऱ्याशी भांडून आलेली बाई... सगळं सांगून टाकायचे. तो हुं, हूं करायचा. त्या हुंकारांतही मला फरक कळायला लागले.

एकदा मी म्हटलं, "तुम्ही काहीच बोलत नाही, मीच आपली बडबडते."

त्याने ओठांतली शेवटची चूक काढून हातावर घेतली. "तुम्ही आलात की मी मुद्दाम जास्त चुका तोंडात घेतो," म्हणाला. "बोलायला लागलो, तर नको ते बोलून जाईन म्हणून."

मी उठले आणि पर्स स्टुलावरच विसरून निघाले. तो मागून पर्स घेऊन आला, तेव्हा माझे कान एवढे तापले होते की मी आभारही मानले नाहीत.

कापड निवडायचा दिवस आला. त्याने नमुन्यांचे तुकडे टेबलावर पसरले. मी सवयीने प्रत्येकाच्या मागची किमतीची चिठ्ठी उलटून बघायला लागले, तेव्हा त्याने सगळे तुकडे गोळा केले आणि चिठ्ठ्या फाडून खिशात घातल्या.

"तुम्ही कापड बघतच नाही. डोळे मिटा."

"दुकानात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना डोळे मिटायला सांगतो."

मी मिटले. त्याने एकेक तुकडा माझ्या हाताखाली सरकवला. कुठला खरखरीत, कुठला गुळगुळीत, कुठला नुसता गार. मग एक असा आला, की बोटं तिथंच थांबली. मऊ, दाट... मांजराच्या मानेवरून हात फिरवावा तसा. मी हात काढला नाही. त्यानेही काढला नाही. वहिनी आतून खोकल्या, तेव्हा डोळे उघडले. निळसर हिरवी मखमल होती. महाग असणारच, हे मला चिठ्ठी न बघताही कळलं, तरी मी "हेच" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा किंमत न बघता.

मग मी पैसे बाजूला काढायला लागले. पगारातले थोडे, टिपांचे थोडे. एका जुन्या डब्यात ठेवायचे आणि झाकण लावताना मला हसू यायचं. अमुक तारखेला मी दुकानात जाणार, पैसे टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, माझी खुर्ची द्या... या वाक्याची मी आरशासमोर तालीमसुद्धा केली होती.

पण ती तारीख आलीच नाही.

माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. उघडलं तर तो. घामाघूम, चेहरा आनंदाने नुसता उजळलेला, आणि शेजारी खुर्ची. चारही पाय, निळसर हिरवी मखमल, हातांवर नवं पॉलिश. टेम्पोवाला खाली उतरवून निघून गेला होता आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत यानेच ती चढवली होती.

"पैसे नकोत," तो म्हणाला. "तुमच्यासाठीच केली ही. माझ्याकडून."

दुसरी कोणी असती तर हरखून गेली असती. त्या चेहऱ्याकडे बघून मला रडू येत होतं आणि खुर्चीकडे बघून राग.

"परत न्या," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मी थट्टा करतेय.

"ही माझी मी घेणार होते," मी म्हटलं. "माझ्या पैशाने. मी अजून स्वतःसाठी काही घेतलेलं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. रोज तर ऐकत होता. आणि तुम्ही ते... तुम्ही तेवढंही ठेवलं नाहीत माझ्यासाठी."

त्याचा चेहरा विझत गेला. तो काहीतरी बोलू बघत होता, पण मी दार लोटलं. दारामागे उभी राहून ऐकत राहिले. एकट्याने खुर्ची खाली नेत होता. प्रत्येक वळणावर धप्प असा आवाज येई, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा.

त्यानंतर मी घरी जायचा रस्ता बदलला. लांबचा पडायचा, पाय आणखी दुखायचे. मॅडमनी एकदोनदा विचारलं, की तुझ्या खुर्चीवाल्याचं काय झालं. मी म्हटलं, कोण खुर्चीवाला? त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विषय सोडला. डबा मी कपाटात मागे सारून ठेवला. माझंच चुकलं का, हे मी पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघत होते. तो प्रेमानेच घेऊन आला होता, हे न कळायला मी काही लहान नव्हते. पण माझा राग खोटा नव्हता.

मग एके दुपारी वहिनी पार्लरमध्ये आल्या. केस कापायचेत म्हणाल्या, पण केस कापण्यासारखे नव्हतेच. मी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि टोकं सारखी करायला घेतली. त्या आरशातल्या मला सांगू लागल्या. त्यांचे सासरे असेच होते. गिऱ्हाइकाकडे पैसे मागायची लाज वाटायची त्यांना, आणि धाकट्याने तेवढंच बरोबर उचललं. किंमत सांगताना हा मान खाली घालतो. जिथे जीव लागतो तिथे तर घेतच नाही. देणं त्याला सोपं जातं, घेणं जमत नाही.

"तुम्ही त्याला रागावलात ते बरंच केलंत," वहिनी म्हणाल्या. "पण तो जेवत नाहीये नीट. आणि आता दुसरंच. एक बाई खुर्ची बघायला आत्ता येणारेत. मीच बोलावलंय. दुकानाचं भाडं मखमलीने भरता येत नाही, हो की नाही?"

माझी कात्री थांबली. वहिनींनी स्वतःच गळ्याचं कापड सोडलं आणि म्हणाल्या, "उरलेले उद्या कापा."

मॅडमना मी काय सांगितलं आठवत नाही. घरी धावले, डबा घेतला आणि तशीच दुकानात गेले. अंगावर ॲप्रन, ॲप्रनवर लोकांचे केस. आत एक बाई माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. हातांवरून हात फिरवत होत्या, आणि त्यांना ती आवडली होती हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी किंमत विचारली.

तो ताठ उभा राहिला. मान खाली न घालता त्याने किंमत सांगितली. माझे सहा महिन्यांचे पगार झाले असते तेवढी.

बाई उठल्याच. खुर्ची आहे का सिंहासन, असं काहीसं पुटपुटत माझ्या बाजूने निघून गेल्या. तेव्हा त्याला मी दिसले.

"माझी खुर्ची द्या," मी म्हटलं. तालमीत आवाज याहून बरा लागला होता. "केवढ्याला?"

तो मान खाली घालून अगदी हळू एक आकडा बोलला. त्यात खुर्चीचा एक पायही आला नसता.

"आत्ता त्यांना वेगळाच सांगितलात."

"त्यांना द्यायची नव्हती."

"आणि मला द्यायचीय. मग पहिल्यांदा सांगितली होती ती किंमत घ्या. आणि मखमलीचे वरचे वेगळे."

तो कमी करत गेला, मी वाढवत गेले. असा सौदा त्या दुकानात आधी झाला नसावा. शेवटी मी डबा त्याच्यासमोर धरला. त्याने खूप वेळ घेतला. पण मग दोन्ही हातांनी डबा घेतला आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "मिळाले."

किती छान वाटलं म्हणून सांगू... देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही, दोघांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुकान बंद करून त्याने हातगाडीवरून खुर्ची माझ्या घरापाशी आणली. या वेळी ती आम्ही दोघांनी चढवली. पुढचे पाय त्याच्या हातात, मागचे माझ्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा दम संपला. खुर्ची तिथंच टेकवली आणि मी तिच्यात बसले. माझ्या खुर्चीत. तो खालच्या पायरीवर बसला. शेजारच्या काकू भाजी घेऊन वर येत होत्या. त्यांनी खुर्ची पाहिली, मला पाहिलं, त्याला पाहिलं आणि अंग चोरून भिंतीला लागून निघून गेल्या.

"आता ही पूर्ण तुमची," तो म्हणाला.

"पूर्ण."

"तुमचं काही देणं नाही, माझं काही येणं नाही."

"नाही."

"मग आता मी काही बोललो..." तो पायरीकडे बघत होता. "तर ते खुर्चीच्या बदल्यात मागितल्यासारखं होणार नाही ना?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग त्याने वर बघितलं आणि सांगितलं. जे सांगितलं ते साधंच होतं. मी आवडते, पहिल्या दिवसापासून, आणि संध्याकाळी दाराकडे बघण्यात त्याचं काम मागे पडतं.

मला खूप काही म्हणायचं होतं. एरवी बडबड करणारी मी, नेमकी तेव्हाच मुकी झाले. त्याच्या केसांतला भुसा तेवढा झटकला आणि हात तिथंच राहू दिला.

"आधी मला अहो-जाहो करणं सोड," मी शेवटी म्हटलं.

"बरं." त्याने तो शब्द आतल्या आत एकदा म्हणून बघितला असावा. "तू... तू काही सांगितलं नाहीस."

"सांगते. दुसरी खुर्ची करायला घे. अशीच. माझ्या खोलीत एकच आहे आणि आता रोज दोघांना लागणार."

तो हसला, आधी डोळे आणि मग ओठ, आणि मला माहीत होतं तसंच म्हणाला, की ती तरी माझ्याकडून...

मी नुसतं बघितलं.

"अर्धी माझी, अर्धी तुझी," तो घाईघाईने म्हणाला. "आणि अर्ध्यातला एक पैसाही सोडणार नाही."

"सोडलास तर बघ," मी म्हटलं, आणि उठले. वरचा मजला अजून बाकी होता.