पाचव्या अल्बमचं शेवटचं गाणं

"नऊ! तुम्हीच मोजा. पाचव्या अल्बममध्ये नऊच गाणी आहेत, बाबा!" प्रबोधने फोन आजोबांच्या नाकासमोर धरला.

"दहा," आजोबा शांतपणे म्हणाले.

टेबलाभोवती बसलेल्या तिन्ही मुलांचे हात थालीपिठावरच थांबले. प्रबोधची तेरा वर्षांची मुलगी किमया, तिचा दहा वर्षांचा भाऊ यश आणि सुट्टीत पुण्याहून सिंगापूरला आलेला त्यांचा आतेभाऊ रुचिर. खरं तर समुद्रकाठी सायकली चालवायला कधी जायचं हे ठरत होतं. पण आता सायकली कुणाच्याच डोक्यात राहिल्या नाहीत.

विलास आजोबांनी चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली होती. त्या सगळ्या वर्षांत त्यांच्यासोबत एक अमेरिकन रॉक बँड होता, 'स्लो मेरिडियन'. जहाज सिंगापूरला लागलं की आजोबा उतरून त्या बँडची एखादी कॅसेट विकत घेत. एकेक करत सगळे अकरा अल्बम जमले. गेल्या महिन्यात त्यांच्या वाढदिवसाला प्रबोधने ते अकराही अल्बम नव्या फोनवर घालून दिले.

"एकशे चोवीस गाणी खिशात! आता त्या धुळकट कॅसेट कशाला?" असं म्हणून त्याने बॉम्ब शेल्टर रिकामा केला. बॉम्ब शेल्टर म्हणजे फ्लॅटमधली जाड लोखंडी दाराची खोली. तिच्यात बॉम्ब कधी पडत नाही, अडगळ मात्र रोज पडते. कॅसेटचं खोकं कारांग गुनीकडे गेलं, म्हणजे भोंगा वाजवत जुनं सामान गोळा करणाऱ्या माणसाकडे. आजोबांना विचारायचं मात्र राहून गेलं.

"पाचवा अल्बम, दुसरी बाजू, अगदी शेवटी," आजोबा म्हणाले. "संथ गाणं आहे. आधी गिटार, शांत पाण्यावर तेलाचा थेंब पसरत जावा तशी. मग एक माणूस नुसताच गुणगुणतो. आणि संपता संपता कोकीळ ओरडतो."

"कोकीळ?" प्रबोधने बायकोकडे, मेधाकडे पाहिलं. "बाबा, अमेरिकन बँडच्या गाण्यात कोकीळ? तिकडे आपला कोकीळ नसतोच!"

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "सोमवारी तुमची स्मरणशक्ती तपासायला मेमरी क्लिनिकची वेळ घेतली आहे. तोवर तुम्ही एकटे बाहेर जायचं नाही. एमआरटीनं तर मुळीच नाही."

रोज सकाळी आजोबा एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, समुद्राकडे जायचे आणि नांगरलेली जहाजं बघत बसायचे. आता तेही बंद!

दुपारी किमया त्यांच्या खोलीत डोकावली. आजोबा खिडकीशी बसले होते.

"आजोबा, ते गाणं खरंच होतं?"

"कालपर्यंत सांगू शकलो असतो," ते म्हणाले. "आता वाटतं, प्रबोधचंच बरोबर असेल. समुद्रावर माणूस एकटा असला की काहीही ऐकू येतं, बाळा."

एवढं बोलून ते गुणगुणायला लागले. स्वर वर गेला, थबकला आणि अलगद खाली आला. किमयाला वाटलं, खोलीतला पंखासुद्धा हळू फिरतो आहे.

ती धावतच खाली गेली. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत यश आणि रुचिर दगडी टेबलावर बसले होते.

"ऐका! बाबा म्हणतात, अमेरिकेत कोकीळ नाही, म्हणून गाणं नाही. पण समजा, आजोबांचं सगळंच बरोबर असेल तर?"

"तर कोकीळ विमानानं अमेरिकेला गेला," रुचिर म्हणाला.

"गप रे, पुणेरी! तर ते गाणं अमेरिकेत झालंच नाही! इथे सिंगापुरात आपल्याला रोज पहाटे कोण ओरडून उठवतं?"

यश ताडकन उठला. "कोकीळ! म्हणजे गाणं इथलं!"

"मग ते अमेरिकन कॅसेटमध्ये कसं शिरलं?" रुचिरने विचारलं.

"कॅसेट मिळाली की कळेल," किमया म्हणाली. "कारांग गुनी गुरुवारी येतो."

गुरुवारी सकाळी "पोंऽ पोंऽ" ऐकू आलं आणि तिघं लिफ्टची वाट न बघता सहा मजले जिन्यानं उतरले! ढकलगाडीवर वर्तमानपत्रांची चळत बांधणारा म्हातारा हसला.

"कॅसेट? कोणी घेत नाही! एकच वेडा घेतो, हौगांगचा सेंग. सिंगापूरच्या जुन्या कॅसेट दिसल्या की त्याच्याकडे द्यायच्या. तुमचंही खोकं तिथेच गेलं."

"वेडा का?" यशने विचारलं.

"सगळ्या ऐकतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. काय शोधतो, विचारलं तर सांगत नाही."

मेधाने जायची परवानगी दिली, पण तीन अटींवर. फोन चालू ठेवायचा, भांडायचं नाही आणि चारच्या आत घरी. बुकित बातोकच्या घरापासून हौगांग म्हणजे तीनदा गाडी बदलायची. ब्युओना व्हिस्टा स्टेशनवर यश एकदम खांबामागे लपला.

"अरे, काय झालं?"

"बाबांचं ऑफिस वन-नॉर्थला! इथून पुढचंच स्टेशन!"

"बारा वाजलेत. मामा आता डबा खात असेल," रुचिर म्हणाला. "आणि तुझी पाठ खांबाबाहेर आहे."

हौगांगच्या बाजारामागे, एका ब्लॉकच्या तळाशी सेंगचं दुकान होतं. बाहेर पावसाची सर सुरू झाली होती. आत जमिनीपासून छतापर्यंत कॅसेटच कॅसेट. मधोमध एक बारीक म्हातारा डोळे मिटून बसला होता, आणि समोरच्या टेपमधून कुठलं तरी नाचाचं गाणं वाजत होतं.

"अंकल..."

त्याने बोट वर केलं. "श्श. ही बाजू संपू दे."

मुलं थांबली. बाजू संपली, बटण खटकन वर आलं. अंकल सेंगने उसासा टाकून कॅसेट उजवीकडच्या ढिगावर ठेवली.

"ह्यातही नाही. बोला."

"बुकित बातोकचं खोकं तुमच्याकडे आलंय," किमया म्हणाली. "स्लो मेरिडियनच्या अकरा कॅसेट. आम्हाला पाचवी हवी आहे."

"त्या अजून ऐकायच्या आहेत. रांगेत आहेत. ऐकल्याशिवाय मी काही विकत नाही."

"सगळी नको, शेवटचंच गाणं ऐकू या!" यश म्हणाला. "ज्यात माणूस गुणगुणतो आणि कोकीळ ओरडतो, ते!"

अंकल सेंगच्या हातातला चहाचा प्लास्टिकचा कप तिरका झाला. चहा सांडला तरी त्याला कळलं नाही.

"तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या आजोबांनी!"

तो धडपडत मागे गेला, खोकं घेऊन आला आणि पाचवी कॅसेट शोधली. दुसरी बाजू लावून पट्टी पुढे सरकवली. सर्रर्र... खट.

आधी गिटार आली. एक सूर, मग खूप वेळाने दुसरा. मग एक तरुण आवाज गुणगुणू लागला. त्याला शब्द नव्हते, तरी तो कुणाला तरी काही सांगत होता असं वाटत होतं. बाहेरचा पाऊस त्या गाण्यातच पडतो आहे की काय, असं रुचिरला वाटलं. यशने चक्क डोळे मिटले. आणि अगदी शेवटी, दूर कुठून तरी, कुहूऽ... कुहूऽ...

"तुमचा आवाज आहे हा!" किमया कुजबुजली.

अंकल सेंगने मान डोलावली. "तेव्हा मी एका दुकानात चोरट्या कॅसेट भरायचो. मूळ अल्बमवरून कॉपी, बंदरातल्या खलाशांना स्वस्तात विक्री. चुकीचंच काम होतं. अल्बम लहान आणि टेप लांब, म्हणून शेवटी काही मिनिटं कोरी राहायची. गिऱ्हाईक तक्रार करायचं. मालक म्हणाला, काहीतरी भर. मी माझं गाणं भरलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून केलेलं. कोकीळ आपणहून आला!"

"मग तुमच्याकडे ते नव्हतं?"

"पुढे कायदा आला, दुकान बंद झालं, सगळा माल नष्ट केला. माझी मूळ टेपही त्यात गेली. कुठल्या अल्बममागे भरलं होतं, तेही आठवेना. सात वर्षं शोधतोय."

"आमच्या आजोबांना आठवतंय ना!" यश छाती काढून म्हणाला. "पाचवा अल्बम, दुसरी बाजू, अगदी शेवटी!"

शनिवारी तिघांनी प्रबोधला हौगांगला नेलं. "मामा, फक्त एक तास," असं रुचिरने दोन दिवस घोकलं होतं. आजोबाही आले, खांदे पाडून. मेधाने त्यांचा हात धरला होता.

दुकानात शिरताच किमयाने विचारलं, "बाबा, त्या बँडची सगळी गाणी तुमच्या यादीत आहेत ना?"

"सगळी. एकशे चोवीस. मी तपासली आहेत."

"एकही सुटलं नाही? नक्की?"

"शंभर टक्के!"

"तुमची यादी बरोबर आहे," किमया म्हणाली. "आता हे ऐका."

यशने बटण दाबलं.

दुसऱ्या सुराला आजोबांनी मेधाच्या हातातून हात सोडवून घेतला. गुणगुणणं सुरू झालं तसे तेही गुणगुणू लागले, त्या तरुण आवाजाच्या किंचित मागून. प्रबोध आधी फोनमध्ये बघत होता. मग त्याने फोन खिशात ठेवला. कोकीळ ओरडला, तेव्हा प्रबोध एका पालथ्या क्रेटवर बसला.

"मी यादी तपासली," तो अखेर म्हणाला. "कॅसेट एकदाही ऐकली नाही. चुकलो, बाबा." मग मुलांकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही तिघं! ज्या कोकिळामुळे मी नाही म्हटलं, त्याच्याच मागे तुम्ही गेलात. शाबास रे! तुम्ही नसता तर मी सोमवारी काय करून बसलो असतो!"

मेधाने तिघांना जवळ घेतलं.

अंकल सेंग मात्र आजोबांसमोर उभा होता. "मी कधी सिंगापूरबाहेर गेलो नाही," तो म्हणाला. "माझं गाणं कुठे कुठे वाजलं?"

आजोबांनी खुर्ची ओढली.

"शहाऐंशीच्या मे महिन्यात प्रथम ऐकलं, मलाक्काच्या सामुद्रधुनीत. रात्रपाळी संपवून वर आलो होतो. सत्त्याऐंशीत डर्बन. क्रेन बिघडली, नऊ दिवस अडकलो, रोज लावायचो. मग सांतोस, कॉफीची पोती चढत होती. नव्वदच्या जानेवारीत रॉटरडॅमला बर्फ होता. तोवर इंजिन रूममधल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. फिलिपिनो पोरं शेवटी तोंडानं कोकीळ काढायची! आमचा रशियन कॅप्टन जिन्यातून ओरडला, खाली पक्षी पाळलाय काय?"

अंकल सेंग हसला. हसताना त्याने डोळे पुसले. "अजून सांगा."

"अजून? अजून अकरा जहाजं आहेत."

प्रबोधने घड्याळात पाहिलं. "बाबा, निघू या का? घरी जायला तास लागेल."

"तुम्ही व्हा पुढे," आजोबा म्हणाले. "आम्हाला उशीर होईल. मी येईन माझा एमआरटीनं."

प्रबोधने तोंड उघडलं. मेधाने त्याच्याकडे पाहिलं. तिन्ही मुलांनीही पाहिलं.

"बरं," प्रबोध म्हणाला. "जेवायला थांबतो तुमच्यासाठी."

दारातून बाहेर पडताना मुलांना मागून आजोबांचा आवाज ऐकू येत होता. ते आता चिलीच्या वालपराइसो बंदरात पोचले होते.